उस्मानभाईंच्या ओट्यावरची देवघेव

भाचीला ताम्हिणीच्या अलीकडं जमिनीचा एक तुकडा बघायचा होता. मी घरी एकटी नको म्हणून तिनं मलाही गाडीत बसवलं. पौडात ती चहाला थांबली. मी उतरले नाही. गुडघे आता असल्या हौसेला साथ देत नाहीत. काच खाली केली. रस्त्यापलीकडं हातगाडीवर एक माणूस कोळशाची इस्त्री फिरवत होता. पाणी शिंपडलेल्या सुती कापडावर तापलेलं लोखंड टेकलं की जो वास येतो, तो गाडीत शिरला आणि माझ्या मांडीवरच्या पिशवीपर्यंत येऊन बसला.

मी उस्मानभाईंच्या दुकानाचा ओटा शोधू लागले. तिथं आता मोबाइलचं काचेचं दुकान आहे, त्यावर एक क्लास, त्याच्यावर व्यायामशाळा. जुनं काहीच उरलेलं नाही. फक्त रस्त्याचा चढ तोच आहे. त्या चढाला पाय लावून मी कित्येक रविवारी दुपारी दवाखान्यातून उस्मानभाईंच्या दुकानाकडं गेले आहे. तेव्हा मी तरुण होते, पौडच्या सरकारी दवाखान्यात नर्स होते, आणि गावात मला नर्सबाई याखेरीज दुसरं नाव नव्हतं.

उस्मानभाई शिंपी. दुकान म्हणजे एक खोली, एक मशीन आणि पुढं शेणानं सारवलेला ओटा. पहिल्यांदा मी तिथं परकर शिवायला टाकायला गेले होते. ओट्यावर दोन माणसं बुद्धिबळाचा पट मांडून बसली होती आणि दोघं त्यांच्या डोक्यावरून वाकून बघत होते. पट कापडाचा होता. शर्टांच्या उरलेल्या काळ्या-पांढऱ्या तुकड्यांचे चौकोन जोडून उस्मानभाईंनीच तो शिवला होता. मी परकराचं माप सांगायचं विसरून डाव बघत उभी राहिले. माझे वडील पोस्टात कारकून होते आणि मुलगा नव्हता म्हणून मला खेळायला शिकवलं होतं. उस्मानभाईंनी दोरा तोडता तोडता विचारलं, खेळता येतं का. मी मान हलवली. पटाशी बसलेला एक किडकिडीत माणूस लगेच उठला आणि जागा करून बाजूला सरकला. त्याच्या अंगाला लवंगेचा वास होता. ते सबनीस मास्तर.

बाई माणसानं ओट्यावर बसून बुद्धिबळ खेळणं म्हणजे त्या काळी बोलायला विषय झाला. काही दिवस लोक बोलले, मग भातलावणी आली आणि विसरले.

ते आमचं मंडळ. त्याला नाव नव्हतं, वर्गणी नव्हती. उस्मानभाई, मास्तर, विठोबा सुतार, गेनू न्हावी आणि मी. सोंगट्या विठोबानं कोरलेल्या. शिसवीच्या काळ्या, सागाच्या पिवळ्या. उंटांची मान त्याला कधी जमली नाही. आमचे उंट शेळ्यांसारखे दिसायचे. एकदा डाव चालू असताना विठोबाच्या बोटात खोल गेलेलं लाकडाचं कुसळ मी तिथंच काढलं, टिंक्चर लावलं. तो दवाखान्यात आला नव्हता कारण दवाखान्याची त्याला भीती वाटायची. पुढच्या रविवारी तो माझ्यासाठी जेवायला बसायचा पाट घेऊन आला. मी नको म्हणाले, दवाखान्याचं काम फुकटच असतं. तो म्हणाला, हे काय दवाखान्यातलं काम न्हवतं. तिथून ते सुरू झालं असावं. कुणी ठरवलं नाही. मास्तर उस्मानभाईंच्या थोरल्या मुलीला गणित शिकवायचे, उस्मानभाई मास्तरांचे सदरे शिवायचे. विठोबाच्या बायकोला मी महिना महिना इंजेक्शनं दिली, विठोबानं माझ्या खोलीचं मोडकं दार बदललं. पैशाचं नाव कुणी काढलं तर बाकीचे त्याच्याकडं असे बघत, जणू त्यानं सोंगटी चोरली आहे.

पंचाईत व्हायची गेनूची. तो सगळ्यांत वाईट खेळायचा आणि सगळ्यांत जास्त बोलायचा. पुरुषांची डोकी तो करायचा, पण मला देण्यासारखं त्याच्याकडं काही नव्हतं. त्याच्या आईचं गळू मी फोडलं तेव्हा तो कितीतरी दिवस अस्वस्थ होता. शेवटी एका सकाळी धोपटी काखेत मारून दवाखान्यात आला आणि म्हणाला, तुमच्या कात्र्या द्या. त्यानं पायरीवर बसून, दगडावर थुंकी टाकत, दवाखान्यातल्या सगळ्या कात्र्यांना धार लावून दिली. नंतर महिन्यामहिन्याला यायचा. दगडावर लोखंड घासल्याचा तो आवाज मला अजून ओळखता येईल.

ऋतूंचं मला वासावरून आठवतं. उन्हाळ्यात भाताच्या रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळून राब भाजायचे, तेव्हा सगळ्या मावळावर धूर आडवा पडलेला असायचा आणि दवाखान्याच्या पडद्यांनाही त्याचा वास लागायचा. आषाढात धुकं ओट्यावर चढून यायचं. पटाच्या पलीकडचा माणूस पुसट व्हायचा, उस्मानभाई दुपारीच कंदील लावायचे, कापड दमट व्हायचं म्हणून इस्त्री सतत निखाऱ्यावर. आणि कार्तिकात नवा आंबेमोहोर घराघरात शिजायचा. त्या दिवसांत गावातून चालताना प्रत्येक दारात थांबावंसं वाटायचं. खेळताना कुणी बोलत नसे. गेनूसुद्धा बोलला तर हळू बोलायचा. मशीन बंद असायचं. सोंगटी ठेवली तरी कापडावर तिचा आवाज होत नसे, म्हणून विठोबा दर खेळीला जिभेनं टक् असा आवाज काढायचा.

मास्तरांनी मला इंग्रजी शिकवायचं कबूल केलं होतं. पुढची परीक्षा द्यायची तर ते लागणार होतं. त्यांच्या छातीत कफ धरायचा, त्याचं औषधपाणी मी बघायचे, म्हणून इंग्रजी. शाळा सुटल्यावर दवाखान्याच्या बाकावर ते पुस्तक उघडून बसायचे आणि एकेक शब्द लवंग चघळत सांगायचे. त्यांचं खेळणंही तसंच. सोंगटी हलवली तरी बोट काढायचे नाहीत. बोट ठेवून बघत राहायचे, जणू काढलं तर ती पडेल.

परीक्षा झाली. मी पास झाले. भात कापायला आलेलं होतं. आम्ही दोघं नदीकडच्या बांधावरून येत होतो आणि ते म्हणाले, "आता इंग्रजी संपलं. तुम्हाला द्यायला माझ्याकडं दुसरं काही उरलेलं नाही. मी आहे."

मी बराच वेळ चालत राहिले. मग विचारलं, आईंना सांगितलंत का. ते म्हणाले, नाही. त्यांच्या आईला माझी जात चालणार नव्हती. पुढच्या दिवाळीनंतर पुण्याला जाऊन नोंदणी करायची, आणि मग सांगायचं, असं त्या बांधावर ठरलं. त्यांनी माझा हात धरला नाही. बांध अरुंद होता, ते पुढं झाले आणि मी मागून चालले. माझ्या डोळ्यांपुढं त्यांचा उसवलेला मफलर होता.

मंडळाला सांगावं लागलं नाही. रविवारी आम्ही ओट्यावर गेलो आणि उस्मानभाईंनी आमच्याकडं बघून कोळसे उगाच ढवळले. पुढच्या काही महिन्यांत ज्यानं त्यानं आपापलं काम स्वतःकडं घेतलं. विठोबा कपाट करणार होता. त्यासाठी फणसाच्या फळ्या त्यानं सावलीत सुकत ठेवल्या. उस्मानभाईंनी पुण्याहून जांभळं कापड आणलं आणि माझं माप परत घेतलं. पहिलं माप त्यांना पाठ होतं तरी. गेनूनं मास्तरांना बजावून सांगितलं की त्या दिवशी पुण्यातल्या कुठल्याही सलूनात बसायचं नाही, दाढी तो स्वतः करून पाठवणार. मास्तर हसले. हसले की त्यांना खोकला यायचा.

भाद्रपदात ते ताम्हिणीकडच्या एका वाडीवरची शाळा बघायला गेले. परतताना ओढ्याला पाणी होतं. ते थांबले का नाहीत, बरोबर कुणी होतं का, हे नंतर लोकांनी पुष्कळ सांगितलं. मी ऐकलं नाही. अजूनही मला ते माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यापुढं बैलगाडी उभी राहिली. डॉक्टर पुण्याला गेलेले होते. गाडीवानानं विचारलं, "बाई, हितं ठिवायचं का?" मी हो म्हणाले. आतल्या टेबलावर ठेवायला सांगितलं. चादर मीच घातली होती, ती मीच ओढून सरळ केली.

पुढचं मी नर्स म्हणून केलं. दुसरं काही म्हणून करायला मला कुणी सांगितलेलं नव्हतं. पाणी गरम केलं. का केलं ते कळत नाही, थंड पाणीही चाललं असतं. अंगावरचा सदरा उस्मानभाईंनी शिवलेला होता. भिजून बटणं काजांत घट्ट बसली होती. असल्या वेळी आम्ही कापड कात्रीनं कापून काढतो. कात्री ट्रेमध्ये होती. मी ती घेतली नाही. एकेक बटण सोडवत राहिले. नखं दुखत होती ते मला दिसत होतं, पण दुखणं जाणवत नव्हतं. केसांत वाळू होती. कानामागं एक पान चिकटलेलं होतं. मी कान पुसला. ओळखीचा वास शोधला, पण फक्त ओढ्याच्या पाण्याचा वास होता.

दाराबाहेर उस्मानभाई उभे होते. त्यांच्या हातात पांढऱ्या कापडाचा तागा होता. त्यांनी आत येऊन काही विचारलं नाही, माप घेतलं नाही. बाहेरच फाडलं. कापड फाटण्याचा आवाज लांबलचक आला. विठोबा परसात बांबू तोडत होता. ज्यानं त्यानं आपलं काम घेतलं होतं.

मग गेनू आत आला. धोपटी उघडली, वाटीत पाणी घेतलं. माझ्याकडं न बघता म्हणाला, "नर्सबाई, वाईच बाजूला व्हा."

मी बाजूला झाले. त्यानं साबण लावला, गालाची कातडी दोन बोटांनी ताणली आणि वस्तरा फिरवला. जिवंत माणसाची करतात तशीच, हलक्या हातानं. हनुवटीखाली अवघड असतं, तिथं तो थांबून थांबून करत होता. एवढा वेळ गेनू गप्प राहिलेला मी कधी बघितला नव्हता. झाल्यावर त्यानं ओल्या फडक्यानं चेहरा पुसला, वस्तरा मिटला आणि बाहेर जाऊन भिंतीला टेकून बसला.

पुण्याला तार गेली होती. दुपारच्या गाडीनं मास्तरांचे थोरले भाऊ आले. चेहरा तोच होता, फक्त भरलेला. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. त्यांनी विचारलं, "तुम्ही इथल्या नर्स का? जरा पाणी मिळेल?" मी पाणी दिलं. ते पाणी पीत होते आणि मी फुलपात्र परत घ्यायला उभी होते. मी मास्तरांची कोण, हे त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. सांगायचं झालं तर कसं सांगतात, तेही मला माहीत नव्हतं.

सगळी तयारी बघून ते गहिवरले. म्हणाले, परक्या गावात एवढं कुणी करत नाही. मग खिशातून नोट काढून माझ्यापुढं धरली. चांगल्या मनानंच धरली. अंघोळ घालणाऱ्याला, साफसफाई करणाऱ्याला काहीतरी द्यावं, एवढंच त्यांच्या मनात असणार. माझा हात पुढं झाला नाही, मागंही गेला नाही. नोट तशीच हवेत राहिली.

उस्मानभाई पुढं आले. आवाज न चढवता म्हणाले, "साहेब, ते ठिवा. आमच्यात पैसं घेत न्हाईत." मग माझ्याकडं बघून, "ह्या आमच्यातल्या हायेत. मास्तरांच्यातल्या हायेत."

भावानं माझ्याकडं बघितलं. काहीतरी कळलं असावं किंवा नसावं. त्यांनी नोट खिशात ठेवली आणि मला नमस्कार केला. मीही केला.

मयताबरोबर बायका नदीवर जात नाहीत. सगळे गेल्यावर मी टेबल धुतलं, फिनाईल टाकलं, खिडकी उघडली. संध्याकाळी कोयत्यानं पाय कापून घेतलेली एक म्हातारी आली. मी तिला टाके घातले. ती विव्हळत होती आणि मी तिला सांगत होते की झालं, आता झालं. टाके चांगले पडले होते.

रविवारी मी ओट्यावर गेले. कुठं जायचं ते दुसरं सुचलं नाही. पट मांडलेला होता. एक जागा मोकळी सोडून आम्ही बसलो असं नाही. बसलो तेव्हा ती आपोआप मोकळी राहिली. मी उस्मानभाईंशी खेळले. जिंकले की हरले, आठवत नाही. विठोबा आवाज काढत नव्हता.

दिवाळी आली, गेली. नवा भात शिजला. मी दारांवरून चालत जायचे आणि भातच शिजतोय एवढं कळायचं. त्या जांभळ्या कापडाचं काय झालं, ते मी विचारलं नाही आणि उस्मानभाईंनी सांगितलं नाही. थंडीत त्यांच्या बायकोचं बाळंतपण मी केलं. पायाळू होतं, अवघड गेलं, पण दोघी सुटल्या. मुलीचा रडण्याचा आवाज मला नदीपलीकडून आल्यासारखा वाटला, आणि ती तर माझ्या हातातच होती.

त्याच सुमारास विठोबानं कपाट आणून माझ्या खोलीत लावलं. कपाट सुरेख झालं होतं. फणसाचं पिवळं लाकूड, आतून तेलाचा वास. पण वरचा कप्पा माझ्या हाताला येत नव्हता. टाचा उंचावल्या तरी फक्त बोटांची टोकं लागत. मास्तर उंच होते. विठोबानं तो त्यांच्या हाताच्या मापानं बसवला होता, ते गेले त्याच्या आधीच. खालच्या कप्प्यात मी साड्या ठेवल्या. वरचा रिकामा राहिला. सकाळी केस विंचरताना तो दिसायचा. मला त्याचं काही वाटत नसे. म्हणजे वाटतंय की नाही, ते कळत नसे.

एक दिवस विठोबा दाराचा कडी-कोयंडा बघायला म्हणून आला. कपाट उघडं होतं. तो बराच वेळ वर बघत राहिला. मग मला म्हणाला, हात वर करा. मी केला. त्यानं माझ्या बोटांच्या खाली पेन्सिलीची खूण केली. दुसऱ्या दिवशी हत्यारं घेऊन आला, वरची फळी उतरवली, खाली बसवली. जुन्या खिळ्यांची भोकं त्यानं भुसा आणि सरस कालवून बुजवली, वरून काचकागद घासला. खोलीभर भुसा उडाला. मी चहा ठेवला. मला म्हणायचं होतं की राहू दे, ती तिथंच राहू दे. चहा उकळून वर आला, मी चिमट्यानं भांडं उतरवलं आणि त्याला कप दिला. त्या दिवसापासून मी वरच्या कप्प्यात पांघरुणं ठेवू लागले.

बदलीचा हुकूम उन्हाळ्यात आला. मी मागितली नव्हती. राब भाजत होते, सगळीकडं तोच धूर. सामान फार नव्हतं. कपाट विठोबानं सुटं करून फळ्या एकावर एक बांधल्या आणि गेनूनं त्या एस्.टी.च्या टपावर चढवायला मदत केली. उस्मानभाई दुकान बंद करून आले होते. दिवसाचं दुकान बंद केलेलं मी दुसऱ्यांदा बघत होते. त्यांनी मुलीला कडेवर आणलं होतं. गेनू सारखा काहीतरी बोलत होता, नव्या गावात न्हावी कसा असेल, कात्र्या कुणाकडं देऊ नका, असलं काही. मी खिडकीशी बसले होते आणि हो म्हणत होते.

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. विठोबा टपावरून उतरला, हात धोतराला पुसत खिडकीपाशी आला. म्हणाला, "वैनी, मदी कुटंतरी दोरी एकदा बघाया सांगा. सैल हुईल."

त्याला आपण काय म्हणालो ते कळलं नसावं. किंवा पुरतं कळलं असेल. उस्मानभाईंनी मुलीचं टोपडं सारखं केलं. गेनू बोलायचा थांबला. मी म्हणाले, "सांगते." गाडी सुटली.

चढ उतरून गाडी सपाटीला लागली तेव्हा कंडक्टर जवळ आला आणि चिमटा वाजवत विचारलं, कुठलं देऊ. मी तोंड उघडलं. गावाचं नाव मला माहीत होतं, हुकूम पिशवीत होता. पण नाव बाहेर येईना. दुसरंच काहीतरी छातीतून वर येत होतं आणि ते आलं तर थांबणार नाही हे मला समजलं. मी पदर तोंडाशी धरला. शेजारची बाई सरकून बसली. कंडक्टरनं चिमटा खाली केला.

"असू द्या, ताई," तो म्हणाला. "मागची तिकिटं करून येतो." आणि तो मागं गेला.